निरक्षर गाडगेबाबा आणि आपली पाटी



आपल्या चर्चच्या दाराजवळच्या टेबलावर दर रविवारी ही पत्रिका ठेवलेली असते. विडी वळण्याचे काम करणाऱ्या एक आजी दर रविवारी तिच्या दोन प्रती घेऊन जातात. मला वाटायचे, एक शेजारणीसाठी नेत असतील. मध्यंतरी त्यांच्या घरी आशीर्वाद द्यायला गेलो तेव्हा कळले की आजींना वाचता येत नाही. पत्रिका हातात असली की मिस्साला आल्यासारखे वाटते, म्हणून एक प्रत स्वतःसाठी. दुसरी नातवासाठी, त्याने वाचून दाखवावी म्हणून. नातू सहावीत आहे. मी त्याला सहज पहिल्या दोन ओळी वाचायला सांगितल्या. त्याने अक्षरे जुळवली, जोडाक्षरापाशी अडला, आणि मग आजीकडे पाहून गप्प बसला. आजींनी पदर तोंडाला लावला. त्यांना इतके दिवस वाटत होते की मुलगा कंटाळा करतो.

त्या घरातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या मनात कोणा धर्मपंडिताचे नाव आले नाही. संत गाडगेबाबांचे आले. ते काही आपल्या पंथाचे नव्हेत, हे मला ठाऊक आहे, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. पण निरक्षर माणसाच्या मनात अक्षराची भूक कशी असते आणि त्या भुकेतून काय उभे राहू शकते, हे ज्याच्या आयुष्यात स्वच्छ दिसते असा दुसरा माणूस मला महाराष्ट्रात सापडत नाही. शिवाय त्यांचे मोठे काम आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाले. म्हणून या आठवड्याची पाने त्यांच्यासाठी.

त्यांचे खरे नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजात. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. तेव्हा देबू आठेक वर्षांचा होता. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामाच्या घरी तो गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचा प्रश्नच नव्हता. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम पाच जणांना लिहिता-वाचता येत होते. त्या पाचांत गुराख्याचा पोर कुठून असणार? रात्री गावच्या भजनी मंडळात मात्र तो बसे. जे शिकला ते कानाने शिकला. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून त्यांनी जे अभंग गायले, ते सगळे तोंडपाठ होते.

निरक्षरपणाची किंमत त्यांनी मामाच्या घरीच पाहिली. ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते आणि मला ती त्यांच्या आयुष्याची किल्ली वाटते. मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी. सावकाराकडून कर्ज घेतले, वर्षानुवर्षे फेडत राहिले, पण वही सावकाराच्या हातात. त्या वहीत काय लिहिले आहे हे घरातल्या एकालाही वाचता येत नव्हते. आपण फेडले असे घरच्यांना वाटत होते आणि कागद मात्र वेगळेच बोलत होता. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकार माणसे घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण देबूजी औत सोडून बाजूला झाला नाही. तो अंगाने दणकट होता. ताबा घ्यायला आलेल्यांना त्या दिवशी परत जावे लागले, असे सांगतात. पण मनगटाच्या जोरावर शेत राखता येते, वहीतले अक्षर बदलता येत नाही, हे त्याला त्या वेळीच उमगले असावे. पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून कर्ज काढू नका, पोराला शाळेत घाला, या दोन गोष्टी ते एका दमात सांगत राहिले. वरवर पाहता या दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. ज्याने मामाची जमीन जाताना पाहिली त्याला मात्र ती एकच गोष्ट होती.

१८९२ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू व्हायला हवी होती. देबूजीने गोडाचे जेवण घातले. जातवाले रागावले, पण बाप दारूने गेलेल्या मुलाने ऐकले नाही. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या जेवणावळीसाठी उचल घेणारी घरे मी पाहतो तेव्हा हे बारसे आठवते. असो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी रात्री घर सोडले. मागे आई, पत्नी, लेकरे. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो आणि तो मी लपवत नाही. कुंताबाईंनी पुढे जे दिवस काढले त्यांची कीर्तने कोणी केली नाहीत. संत घडतो तेव्हा त्याचा हिशेब घरातले कोणीतरी चुकते करत असते.

अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात किंवा डोक्यावर मातीच्या मडक्याचे खापर, म्हणजे गाडगे, आणि खराटा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. लोक त्यांना कुठे चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबाबा, कुठे लोटके महाराज. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले. कोणत्याही गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. कोणी जेवायला बोलावले तर आधी काम मागायचे. दिवसभर झाडलेल्या गावात संध्याकाळी कीर्तन. आज शाळाशाळांतून खराटा घेतलेले गाडगेबाबा भिंतीवर रंगवलेले असतात आणि सरकारी ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव आहे. ते योग्यच आहे. फक्त त्या खराट्यामागे त्यांची पाटी झाकून गेली, अशी माझी तक्रार आहे.

त्यांचे कीर्तन हीच प्रौढांची शाळा होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला सॉक्रेटिस शिकवला. अथेन्सच्या बाजारात उभा राहून तो लोकांना प्रश्न विचारायचा आणि त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. त्या वर्षी मला सॉक्रेटिस परदेशी वाटला. नंतर गाडगेबाबांच्या अखेरच्या दिवसांतील मुंबईच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि वाटले, अरे, हा तर आपल्या अंगणातलाच आहे. बाबा व्याख्यान देत नाहीत. ते विचारतात. देवाला नैवेद्य दाखवता, तो खातो का? मग बोकड कोण खातो? कर्ज काढून तीर्थाला गेलात, तर सावकार व्याज सोडतो का? लोक उत्तर देतात, हसतात, आणि हसता हसता स्वतःच्याच उत्तरात अडकतात. वऱ्हाडी बोली, एकही जड शब्द नाही. समोर हजारोंनी बसलेले बहुतेक सगळे त्यांच्यासारखेच निरक्षर. पण त्या रात्री कोणीही त्यांना अडाणी मानून बोलत नव्हते.

ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरे नावाचे एक कॅथलिक शिक्षक होऊन गेले. १९६३ साली त्यांनी अंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना काही आठवड्यांत वाचायला शिकवले. त्यांची रीत साधी होती. मुलांच्या बालभारतीतले शब्द मोठ्या माणसांना द्यायचे नाहीत. त्यांच्या घामातले शब्द द्यायचे. वीट बनवणाऱ्याला वीट हा शब्द. आधी विटेवर बोलायचे, ती कोण बनवतो, घर कोणाचे होते, आणि मग तो शब्द फोडून त्यातली अक्षरे. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरेंना आधी तुरुंगात आणि मग देशाबाहेर जावे लागले. मजूर वाचू लागला की काही लोकांना भीती का वाटते, याचे उत्तर मामाच्या शेतात सापडते.

आता पंढरपूर. सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर. गाडगेबाबा वारीला येत, पण विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत नव्हे. चंद्रभागेचे वाळवंट आणि रस्ते झाडायला. वारी संपली की मागे जी घाण उरते ती त्यांची वारी. तिथे त्यांनी पाहिले की अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीही देत नाही. पावसात, चिखलात, लेकराबाळांसह ते उघड्यावर पडलेले असतात. १९१७ ते १९२० च्या सुमारास बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली. ज्या विठ्ठलमंदिराची दारे सर्वांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, त्याच गावात, त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी, एका निरक्षर परटाने ही इमारत बांधली होती. पुढे नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी झाली. पैसा लाखोंनी आला आणि लाखोंनी गेला. स्वतः बाबा मात्र त्या इमारतींत राहायचे नाहीत, आणि आपल्या नातेवाइकांचा त्यांवर कसलाही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था त्यांनी कागदोपत्री करून ठेवली. मामाच्या कागदाने ज्याला पोळले होते, त्याने स्वतःचे कागद मात्र फार चोख करून घेतले.

१९२३ साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करत असताना मुलगा गोविंद गेल्याचा निरोप आला. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. त्या प्रसंगावर लोक भारावून बोलतात. मी अनेक घरांत मृत्यूच्या वेळी बसलो आहे, त्यामुळे मला त्यावर फार बोलवत नाही.

शिक्षणाच्या कामात त्यांचे दोन मोठे सोबती. पहिले कर्मवीर भाऊराव पाटील. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यात काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवतील, काम करतील आणि शिकतील असे वसतिगृह चालवले. अडचणीच्या दिवसांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी मंगळसूत्रही मोडले. गाडगेबाबा आपल्या कीर्तनात भाऊरावांचे नाव घेत, लोकांना त्यांच्या शाळांना मदत करायला सांगत. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात भाऊरावांचे सरकारशी बिनसले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा बाबांनी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. चिंध्या नेसलेल्या माणसाचा शब्द मंत्रालयात चालत होता, कारण त्याने स्वतःसाठी कधी काही मागितले नव्हते. १९५४ साली कराडला रयतचे महाविद्यालय निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याने कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही त्याच्या नावाने पदवीची प्रमाणपत्रे निघू लागली. आज अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गाडगेबाबा कीर्तनात बाबासाहेबांचे उदाहरण देत: तोही आपल्यासारख्याच गरिबाचा, तुडवलेल्याचा मुलगा, त्याच्या बापाने त्याला शाळेत घातले, आणि आज पाहा. जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलक्या किमतीचे लुगडे घ्या, पण मुलाला शिकवल्याशिवाय राहू नका, असा त्यांचा आग्रह असे. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्याची इमारत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. यात्रेकरूच्या जागी विद्यार्थी बसवणे हे वारीच्या गावात सोपे नव्हते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी मोटारीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. वय ऐंशी. तोवर देश स्वतंत्र होऊन नऊ वर्षे झाली होती, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले अठरा जण साक्षर झाले होते. पाचाचे अठरा व्हायला पन्नास वर्षे लागली. २०११ मध्ये हा आकडा देशात चौऱ्याहत्तर आणि महाराष्ट्रात ब्याऐंशी होता.

हे आकडे वाचून बरे वाटते, पण मला त्यांच्याविषयी एक शंका आहे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि नव्वदच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांतून मोहिमा निघाल्या. आपल्यातल्या काही आजी-मावश्यांना तेव्हा सही करायला शिकवली होती. विवाहाच्या रजिस्टरमध्ये मी त्यांच्या सह्या पाहतो. नाव एखाद्या नक्षीसारखे काढलेले असते, आणि त्याच नावातले एक अक्षर दुसऱ्या शब्दात दाखवले तर ओळखू येत नाही. अंगठा गेला, सही आली, वाचन आलेच नाही. आणि आता शाळेत जाणाऱ्या मुलांचे काय? असर नावाचा पाहणी अहवाल २००५ पासून निघतो. तो खेड्यांपुरता आहे. त्यात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही असे दिसते. शहराचे मी सांगू शकत नाही, पण आजींच्या घरी जे पाहिले ते पाहिले.

आपले सोलापूर तसे अक्षराला पारखे शहर नव्हे. पण इथे घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी, आणि आता पाटीवर इंग्रजी माध्यम, असा पोराच्या जिभेचा चार रस्त्यांवर गोंधळ होतो. गिरण्या होत्या तोवर निरक्षर माणसालाही भोंगा कळत होता. जुनी मिल बंद होऊन साठेक वर्षे झाली, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा नव्वदच्या दशकात थांबला. पुरुष यंत्रमागावर गेले, बायका विडीवर. विडीचे काम घरी येते: पाने आणि तंबाखू मोजून मिळतात, विड्या मोजून द्यायच्या, खराब ठरल्या त्या छाटात जातात, आणि कार्डावर आकडा पडतो. आजी बोटांवर हजार अचूक मोजतात. कार्डावर काय लिहिले ते मात्र त्यांना समोरच्याने सांगावे लागते. मी कोणावर आरोप करत नाही. लिहिणारे बहुधा प्रामाणिकच असतील. पण दापुऱ्याच्या मामालाही सुरुवातीला तसेच वाटले असेल.

माझा स्वतःचाही यात दोष आहे. इतकी वर्षे मी ही पत्रिका लिहीत आलो, आणि ती कोणाला वाचता येते याची चौकशी केली नाही. छापून टेबलावर ठेवली की माझे काम झाले, असे मी धरून चाललो.

सरकारचा १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी उल्लास हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी ठरवलेला आहे. त्यात स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी जवळच्या शाळेत परीक्षा होते. ज्यांना तिकडे नाव घालायचे असेल त्यांना मी मदत करीन. पण आपण त्यासाठी थांबणार नाही. पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या खोलीत एक तास बसायचे ठरवले आहे. मोठ्यांनी यावे आणि पाचवी ते आठवीच्या मुलांनीही यावे. दोघांना एकाच बाकावर बसवणार आहे, आजीला नातवाचे आणि नातवाला आजीचे कळावे म्हणून. पहिल्या दिवशी पान, सूत, कार्ड, छाट हे चार शब्द घेऊ. युवा गटातल्या पाच जणांनी शिकवायचे कबूल केले आहे, आणखी चौघे हवेत. पाटी-पेन्सिल इथे मिळेल. विडीचे कार्ड आणि चष्मा तेवढा घरून आणावा.